बाराखडी आणि ए-बी-सी-डी : आदिलाबाद परिसरातील लिपींचा एक पाठ

गोदावरीच्या काठी असलेल्या बासर येथील सरस्वतीच्या मंदिरात दूरदूरचे पालक आपल्या लहान मुलांना घेऊन येतात. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक या तिन्ही भागांतील कुटुंबे त्यांत असतात. ताटात तांदूळ पसरून, मुलाचे बोट धरून त्यावर पहिले अक्षर गिरविले जाते. या विधीला ‘अक्षराभ्यास’ म्हणतात. वसंत पंचमीला तर तेथे मुलांची रीघ लागते. हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी ११ ऑक्टोबर रोजी जिल्ह्याची पुनर्रचना झाली आणि ते निर्मल जिल्ह्यात गेले.

ज्या गावी मुले पहिले अक्षर शिकतात, त्या गावाचे नावच लिपीभेदाचे उत्तम उदाहरण आहे. मराठी माणूस ‘बासर’ असे लिहितो आणि शेवटचा ‘र’ तोडून उच्चारतो. तेलुगु माणूसही तीच तीन अक्षरे लिहितो. पण तो शेवटच्या ‘र’मधील ‘अ’ पूर्ण उच्चारतो. इंग्रजीत लिहिताना काही जण शेवटी ‘ए’ हे अक्षर घालतात, काही घालीत नाहीत. त्यामुळे पाट्यांवर, नकाशांवर आणि तिकिटांवर या एकाच गावाची दोन स्पेलिंगे दिसतात. यांत कोणाचीही चूक नाही. तीन लिप्यांचे तीन स्वभाव आहेत, एवढाच याचा अर्थ. हे स्वभाव समजून घेणे सीमाभागातील शिक्षकाला, कर्मचाऱ्याला आणि पालकाला फार उपयोगाचे आहे.

एका जिल्ह्यात अनेक लिप्या

आदिलाबाद हा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा. संस्थानाच्या काळी कारभाराची भाषा उर्दू होती. गावोगावी तेलुगु, मराठी, गोंडी आणि कोलामी बोलली जात असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तीत राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात आले. मुधोळ तालुक्याचा भैंशासह मोठा भाग आदिलाबादकडे गेला. राज्याची सीमा बदलली, तरी सोयरीक, बाजार आणि बोली यांची सीमा बदलली नाही. आजही आदिलाबादमधील अनेक घरांत मराठी बोलली जाते आणि किनवटच्या बाजारात तेलुगु ऐकू येते.

तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. तेथे २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगु शिकविणे सक्तीचे केले. उर्दूला २०१७ मध्ये संपूर्ण राज्यात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय शाळांत इंग्रजी माध्यम सुरू करण्याचा निर्णय झाला. अशा स्थितीत आदिलाबादच्या मराठी घरातील मुलाला देवनागरी, तेलुगु आणि रोमन या तीन लिप्या लहान वयातच शिकाव्या लागतात. शेजारच्या घरी उर्दू असेल तर चौथीही त्याच्या नजरेसमोर असते. मूल गोंड समाजातील असेल, तर त्याच्या मातृभाषेची लिपी याहून निराळी आहे. या सर्वांत इंग्रजीची वर्णमाला कोठे वेगळी पडते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मांडणीतील भेद

देवनागरी आणि तेलुगु या दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मी लिपीत आहे. सम्राट अशोकाचे बहुतेक शिलालेख याच ब्राह्मीत कोरलेले आहेत. म्हणून अक्षरांचे आकार कितीही निराळे दिसले तरी दोघींची मांडणी एकच आहे. आधी स्वर, मग व्यंजने; व्यंजनांचे पुन्हा वर्ग. ‘क’ वर्गाचा उच्चार कंठातून, ‘च’ वर्गाचा तालूवर, ‘ट’ वर्गाचा मूर्ध्यावर, ‘त’ वर्गाचा दातांवर आणि ‘प’ वर्गाचा ओठांवर होतो. घशापासून ओठांपर्यंत जीभ जशी पुढे सरकते, तशी ही वर्णमाला पुढे सरकते. मुलाने ‘क, ख, ग, घ’ पाठ केले की त्याने नकळत मुखातील उच्चारस्थानांचा धडाच गिरविलेला असतो.

इंग्रजी वर्णमालेत अशी रचना नाही. ए हा स्वर, त्यानंतर बी, सी, डी ही व्यंजने, मग पुन्हा ई हा स्वर. ओठांवरच्या बी-नंतर सी येते आणि पी पुष्कळ पुढे. हा क्रम शास्त्राने लावलेला नसून परंपरेने चालत आलेला आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील फिनिशियन व्यापाऱ्यांच्या लिपीत प्रामुख्याने व्यंजनांचीच चिन्हे होती. ती ग्रीकांनी घेतली. त्यांच्या भाषेत ज्या व्यंजनांचे उच्चार नव्हते, त्यांची चिन्हे त्यांनी स्वरांसाठी वापरली. ग्रीकांकडून ती इटलीतील एट्रुस्कन लोकांकडे आणि त्यांच्याकडून रोमनांकडे गेली. प्रत्येक वेळी काही अक्षरे गळाली, काही वाढली. पण क्रम साधारणपणे जुनाच राहिला. जे हे अक्षर आय-पासून, यू हे व्ही-पासून आणि डब्ल्यू हे दुहेरी व्ही-पासून पुढील काळात वेगळे झाले. अशा रीतीने सव्वीसची संख्या पूर्ण झाली.

दुसरा मोठा भेद लेखनाच्या एककाचा आहे. देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ आपोआप असतो. दुसरा स्वर हवा असेल तर काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार लावायचा. स्वर नकोच असेल तर पाय मोडायचा. हीच बाराखडी. तेलुगुत तिला ‘गुणिंतम्’ म्हणतात. इंग्रजीत व्यंजन आणि स्वर यांना ओळीत सारखाच मान असतो. ‘कि’ लिहिण्यास आपल्याला एक अक्षर व एक वेलांटी लागते. तीही अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. इंग्रजीत के आणि आय ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसतात. बाराखडी शिकलेल्या मुलाला इंग्रजी शिकताना पहिला अडथळा येतो तो येथेच. ‘क’ लिहून झाल्यावर आणखी एक ‘ए’ कशासाठी, हे त्याला कळत नाही.

तिसरा भेद अक्षरांच्या नावांचा. आपल्याकडे अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो. ‘म’चे नाव ‘म’. इंग्रजीत एमचे नाव ‘एम’, पण शब्दातील उच्चार नुसता ‘म्’. डब्ल्यूच्या नावात तर त्याच्या उच्चाराचा मागमूसही नाही. शिवाय प्रत्येक अक्षराची मोठी व लहान अशी दोन रूपे आणि छापील व हाताने लिहिण्याची वळणे निराळी. सव्वीस अक्षरे ऐकायला थोडी वाटतात. मुलाला प्रत्यक्षात त्यांची चौपट रूपे ओळखावी लागतात.

सव्वीस अक्षरे, चव्वेचाळीस ध्वनी

ब्रिटनमधील प्रमाण उच्चारांत साधारणपणे चव्वेचाळीस ध्वनी मानले जातात. त्यांत वीसच्या आसपास स्वर आहेत. स्वरांसाठी अक्षरे मात्र पाच. ओढाताण होते ती यामुळे. पी-यू-टी ‘पुट’ आणि बी-यू-टी ‘बट’ हे कोडे प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्याने शिक्षकाला घातलेले आहे. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा समूह एका शब्दात ‘टफ’मधील ‘अफ’ होतो, दुसऱ्यात ‘थ्रू’मधील ‘ऊ’, तर तिसऱ्यात ‘दो’मधील ‘ओ’. दुसरीकडे सी हे अक्षर कधी ‘क’चे काम करते, कधी ‘स’चे, क्यू आणि एक्स यांचे काम तर इतर अक्षरांनी सहज भागले असते.

याचे कारण भाषेच्या इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली. त्यानंतर शब्दांची छापील रूपे हळूहळू स्थिर झाली. पण त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. उच्चार पुढे गेले, स्पेलिंग मागे राहिले. शूर सरदाराला ‘नाईट’ म्हणताना आरंभीचे के आणि मधले जी-एच आज मुके आहेत. पूर्वी ते उच्चारले जात. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दातील बी हे अक्षर तर विद्वानांनी लॅटिन शब्दाची आठवण म्हणून मागाहून घातले. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग हे पुष्कळदा शब्दाचा उच्चार न सांगता त्याचा जुना दाखला सांगते.

हा दोष रोमन लिपीचा नव्हे, इंग्रजीच्या लेखनपद्धतीचा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन स्वीकारली. त्या वेळी तेथे क्यू, डब्ल्यू व एक्स ही अक्षरे वगळली, काही अक्षरांना खुणा जोडल्या आणि एकोणतीस अक्षरांची सुटसुटीत वर्णमाला केली. आपल्याजवळचे उदाहरण गोव्याचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. गोव्याच्या रोमन लेखनात पोर्तुगीज वळणाने एक्स हे अक्षर ‘श’ या उच्चारासाठी वापरतात. तेव्हा एकच रोमन अक्षर लंडनला एक बोलते आणि मडगावला दुसरे.

रोमन लिपीचे गुणही सांगितले पाहिजेत. आकार थोडे, जोडाक्षरे नाहीत, मात्रा वर-खाली लागत नाहीत. त्यामुळे खिळ्यांची छपाई, टंकलेखन आणि तारायंत्र यांना ती चटकन मानवली. देवनागरीच्या छपाईला मात्र शेकडो खिळे लागत.

आपल्या लिपीतही उणिवा आहेत

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पूर्णांशाने नाही. ‘जग’ हा शब्द पाहावा. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ या दोन वाक्यांतील ‘ज’चे उच्चार भिन्न आहेत, अक्षर एकच. ‘चार’ गाई आणि गाईंचा ‘चारा’ यांतील ‘च’चेही तसेच. ‘करतो’ असे आपण लिहितो आणि ‘कर्तो’ असे बोलतो. ‘श’ आणि ‘ष’ लिहिताना निराळे, बोलताना बहुधा एकच.

मराठी लेखनाचे नियम १९६२ मध्ये ठरले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली, ती अशा शंका मिटविण्यासाठीच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजीच्या निर्णयाने वर्णमाला निश्चित केली. तीत इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना जागा मिळाली. ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ यांचे उच्चार दाखविण्याची सोय मराठीने स्वतःत करून घेतली. लिपी जिवंत असते ती अशी.

तेलुगु : बहीण, पण वेगळ्या वळणाची

तेलुगु अक्षरे गोल आहेत. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ रेषा ओढली तर पान फाटते. म्हणून दक्षिणेकडील लिप्या वाटोळ्या झाल्या, असे स्पष्टीकरण दिले जाते. देवनागरीची शिरोरेषा तेलुगुत नाही. तिच्या जागी बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर ‘तलकट्टु’ नावाची लहानशी खूण असते. बहुतेक जोडाक्षरांत दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर टिंब देऊन न दाखविता अक्षरापुढे शून्यासारखे वर्तुळ काढून दाखवितात.

वाचनातील मुख्य भेद दोन. पहिला ‘बासर’च्या उदाहरणात आलाच आहे. तेलुगुत अक्षरातील ‘अ’ शब्दाच्या शेवटीही पूर्ण उच्चारला जातो. म्हणून ‘आदिलाबाद’ आणि ‘निर्मल’ ही नावे तेलुगुत लिहिताना शेवटच्या अक्षराचा पाय मोडावा लागतो. मराठीत त्याची गरज पडत नाही.

दुसरा भेद असा की, तेलुगुत ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. ‘कोन’ हा शब्द ऱ्हस्व ओकाराने म्हटला तर त्याचा अर्थ टोक. दीर्घ ओकाराने म्हटला तर दरी. मराठी वळणाने दोन्ही सारखेच लिहिले जातील आणि अर्थाचा घोटाळा होईल. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये ‘परिवर्धित देवनागरी’ प्रसिद्ध केली. तीत दक्षिणेकडील ऱ्हस्व ए व ओ यांसाठी ‘ऎ’ आणि ‘ऒ’ ही चिन्हे आहेत. नित्य व्यवहारात ती क्वचितच दिसतात. परंतु मराठी मुलाला तेलुगु शिकविणाऱ्या शिक्षकाने ती फळ्यावर जरूर वापरावीत.

उर्दू : उजवीकडून डावीकडे

उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे चालते. आकडे मात्र तीतही डावीकडूनच लिहितात. शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी अक्षराचे रूप बदलते. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत; वाचणाऱ्याने ते संदर्भाने ओळखायचे असतात. ‘स’साठी तीन आणि इंग्रजी झेडच्या उच्चारासाठी चार अक्षरे आहेत. अरबी शब्दांचे मूळ लेखन जपल्यामुळे असे झाले. ‘आदिल’ हा अरबी शब्द. म्हणून उर्दूत आदिलाबादचे पहिले अक्षर ‘अलिफ’ नसून ‘ऐन’ असते. बोलताना हा भेद ऐकू येत नाही, लिहिताना मात्र तो पाळावा लागतो. म्हणजे जुना दाखला जपण्याची सवय एकट्या इंग्रजीचीच आहे असे नाही.

गुंजाळ्याची लिपी

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. तेलुगुत तीनला ‘मूडु’ व चारला ‘नालुगु’ म्हणतात, गोंडीत ‘मुंड’ व ‘नालुंग’. यावरून त्यांचे नाते दिसते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोंडी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे तीस लाख आहे. इतकी मोठी भाषा असूनही तिला स्वतःची लिपी नाही, असे दीर्घकाळ समजले जात होते.

या भाषेतून शिक्षण देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आदिलाबादमध्येच झाला. कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जंगल व जमिनीच्या हक्कांसाठी लढा दिला. १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांना मरण आले. त्यानंतर निझाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. मुलांसाठी गोंडी भाषेतील पुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत. त्या भागातील पुष्कळ गोंडांना मराठीचा परिचय होता, हे त्याचे कारण. पुढे मराठीचे ख्यातनाम इतिहासकार म्हणून ओळखले गेलेले सेतुमाधवराव पगडी हेही संस्थानाच्या सेवेत असताना या जिल्ह्यात काम करीत होते. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथ लिहिला आणि कोलामी भाषेचे व्याकरणही रचले.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी एक लिपी तयार केली होती. परंतु २००६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी काही जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली, आणि त्यांची लिपी या सर्वांहून निराळी निघाली. प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या पुढाकाराने हे संशोधन झाले. त्या वेळी ती लिपी वाचू शकणारे थोडे वृद्धच गावात उरले होते. ते गेले असते, तर पोथ्या राहिल्या असत्या. पण त्या वाचणारा कोणी राहिला नसता.

या लिपीची रचना ब्राह्मी कुळातील आहे. व्यंजनात ‘अ’ सामावलेला असतो आणि इतर स्वरांसाठी मात्रा लागतात. मात्र तिचा वर्णक्रम स्वतंत्र आहे. तेथील व्यंजने ‘क’पासून सुरू न होता ‘य’पासून सुरू होतात, मग व, ब, भ, म, आणि त्यानंतर क, ख. देवनागरीची उसनवारी करून बनविलेली लिपी असती, तर तिने देवनागरीचाच क्रम घेतला असता. म्हणून हा क्रम अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. संगणकावर जगातील सर्व लिप्यांना निश्चित संकेतांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत मसराम गोंडीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीला २०१८ मध्ये स्थान मिळाले. गुंजाळ्याच्या लिपीची त्रेसष्ट चिन्हे तीत नोंदविली आहेत. आदिलाबादच्या एका लहान गावाचे नाव त्यामुळे जगभरातील संगणकांत कायमचे नोंदले गेले.

नावाचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन केवळ ज्ञानासाठी आहे, असे कोणी समजू नये. त्याचा संबंध प्रत्येक कुटुंबाच्या कागदपत्रांशी आहे. कुमरम भीम यांच्याच नावाचे पाहावे. इंग्रजीत लिहिताना ‘कु’ऐवजी कोणी ‘को’ लिहितो. मधल्या ‘म’ नंतर कोणी यू घालतो, कोणी ए, तर कोणी काहीच घालीत नाही. ‘भीम’मध्ये कोणी दोन ई लिहितो, कोणी एक आय. दोन गुणिले तीन गुणिले दोन, अशी एका नावाची बारा रूपे संभवतात. त्यांतील अनेक छापील मजकुरात आढळतातही. २०१६ मध्ये त्यांच्या नावाने जिल्हा स्थापन झाला, तरी हा घोळ पूर्णपणे मिटला नाही. थोर पुरुषाच्या नावाची ही गत, तर सामान्य माणसाच्या नावाची काय होईल?

दुसरे उदाहरण ‘ललिता’ या नावाचे. महाराष्ट्रात त्यातील ‘त’साठी इंग्रजीत टी लिहितात. तेलंगणात ‘त’साठी टी-एच आणि ‘ट’साठी टी लिहिण्याची प्रथा आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. पण समजा, किनवटची ललिता लग्न होऊन आदिलाबादला गेली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर टी, तर नव्या शिधापत्रिकेवर टी-एच. बँकेत किंवा निवृत्तिवेतनाच्या अर्जात दोन्ही कागद समोर आले की ती एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. मराठी, तेलुगु किंवा उर्दूत कोणीही तिचे नाव चुकीचे वाचले नसते. ‘त’ आणि ‘ट’ यांसाठी इंग्रजीत स्वतंत्र अक्षरे नाहीत, त्याचा भुर्दंड तिच्या हेलपाट्यांच्या रूपाने भरला जातो.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मुलाचे नाव शाळेत दाखल करताना ते प्रथम मातृभाषेत स्वच्छ लिहून घ्यावे आणि पालकांना मोठ्याने वाचून दाखवावे.

२. इंग्रजी स्पेलिंग जन्मनोंदणीच्या वेळीच ठरवावे व पुढे शाळा, आधार, बँक व शिधापत्रिका या सर्व ठिकाणी तेच ठेवावे. स्पेलिंग कोणते आहे यापेक्षा ते सर्वत्र एकच आहे, हे महत्त्वाचे.

३. घरातील सर्वांचे आडनाव एकाच प्रकारे लिहिलेले आहे किंवा नाही, हे पालकांनी पडताळून पाहावे. फरक आढळल्यास काम अडण्याची वाट न पाहता दुरुस्तीचा अर्ज करावा.

४. कर्मचाऱ्याने नाव कानाने ऐकून इंग्रजीत लिहू नये. अर्जदाराजवळचा आधीचा कागद पाहून लिहावे. तो कागद दुसऱ्या राज्यातील असेल तर टी आणि टी-एच यांकडे विशेष लक्ष द्यावे.

वर्गातील उपाय

शिक्षकांनी इंग्रजी शिकविताना अक्षराच्या नावाबरोबर त्याचा उच्चार वेगळा सांगावा. ‘बी’ हे नाव, ‘ब्’ हा उच्चार. ही फोड पहिल्या आठवड्यातच झाली पाहिजे. बाराखडीचा आधार घेऊन ‘क, का, कि, की’ ही अक्षरे इंग्रजीत कशी लिहिता येतील याचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. ‘क’ आणि ‘का’ यांतील फरक इंग्रजीत नीट दाखविता येत नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगेल. तेलुगु शिकविताना शब्दाच्या शेवटचे अक्षर पूर्ण उच्चारण्याचा आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’, ‘ओ’ ऐकून ओळखण्याचा सराव घ्यावा. वर्गात गोंड किंवा कोलाम मूल असेल तर त्याच्या भाषेतील पाच-दहा शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत. आपली भाषाही लिहिता येते, हे त्या मुलाला आणि इतरांना एकाच वेळी कळते.

अभ्यासात मागे राहणाऱ्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो. ब्राह्मीपासून आजवर इतर अक्षरांचे आकार पार बदलले आणि ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला, म्हणून हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. परंतु जे मूल ‘पुट’ आणि ‘बट’ यांच्यापाशी अडते, ते ढ नसते. एक अक्षर, एक उच्चार हा बाराखडीचा नियम ते प्रामाणिकपणे इंग्रजीला लावून पाहत असते. नियम त्याने बरोबर लावला आहे आणि इंग्रजी तो पाळीत नाही, एवढे जरी शिक्षकाने त्याला समजावून सांगितले, तरी त्याची भीती जाईल. बासरच्या तांदळांत गिरविलेल्या पहिल्या अक्षरापासून बँकेतील सहीपर्यंतचा त्याचा प्रवास मग पुष्कळ सोपा होईल.